शेतातल्या निचऱ्याचं पाणी नदीत सोडलं की नदीचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रातली सुमारे 200 हेक्टर जमीन पाणथळ आणि खारवट होत चालली आहे, म्हणून तिथे भूमिगत निचरा करायचं ठरतंय. सच्छिद्र पाइपांतून निघालेलं पाणी नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाणार. नदीच्या खालच्या अंगाचे लोक आत्तापासूनच कुरकुर करताहेत. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं की, पाणी नदीचंच घेतलं, नदीलाच परत दिलं, त्यात कारखान्यासारखं आम्ही काही मिसळत नाही, मग नदी बिघडेल कशी? सोबत आकडे दिलेत ते फार बरं केलंत: कालव्याच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी (पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त), 0.6 डेसिसायमन प्रति मीटर. चाचणीसाठी टाकलेल्या पाइपातून येणाऱ्या पाण्याची 4. आणि वर्षाकाठी पिकांना दिलं जाणारं पाणी 800 मिलिमीटर.

निचऱ्याच्या आणि पाणी तपासणीच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली. हा युक्तिवाद मी जवळजवळ प्रत्येक लाभक्षेत्रात ऐकला आहे आणि तो खोटेपणाने कोणी करत नाही. चूक एवढीच की शेतातून जाऊन आलेलं पाणी हे शेतात गेलेलं पाणी राहत नाही. पीक पाणी पितं, क्षार पीत नाही. मुळं पाणी उचलतात, ऊन जमिनीवरचं पाणी उडवतं, आणि दोन्ही वेळा वर जातं ते जवळपास शुद्ध पाणी. त्यात विरघळलेलं सगळं खाली मागे राहतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. ईसी 1 असेल तर लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम क्षार धरतात. म्हणजे कालव्याच्या पाण्यात लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या आसपास, घनमीटरमागे 400 ग्रॅम. पिण्याला गोड, पिकाला चांगलं पाणी. पण 800 मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी 8,000 घनमीटर, आणि त्याबरोबर हेक्टरी 3.2 टन क्षार दरवर्षी शेतात येतात. 200 हेक्टरवर 640 टन. कोणी पोती ओतताना दिसत नाही म्हणून हा आकडा लोकांना पटत नाही.

आता बाहेर काय जातं ते पाहा. भूमिगत निचऱ्यातून दिवसाला सरासरी 1 मिलिमीटर पाणी निघेल असं धरू. सिंचित भागासाठी हा आकडा वाजवी आहे. 200 हेक्टरवरून दिवसाला 2,000 घनमीटर झाले. ईसी 4 म्हणजे घनमीटरमागे अडीच किलो क्षार. रोज 5 टन. पाइप वर्षातले 200 दिवस वाहिले तर 1,000 टन.

आत 640, बाहेर 1,000. हे वरचे 360 टन आले कुठून? जमिनीतून. 800 मिलिमीटरपैकी 200 मिलिमीटर निचऱ्यात निघालं, म्हणजे पाणी चौथ्या हिश्शावर आलं. क्षार फक्त आटून दाट झाले असते तर ते चौपट, म्हणजे लिटरमागे 1,600 मिलिग्रॅम असायला हवे होते. तुमच्या पाइपात 2,500 आहेत. वरचा भाग एक तर गेल्या कित्येक वर्षांत मुळांखाली साठलेल्या क्षारांचा आहे, नाही तर खालच्या थरातून विरघळून येणाऱ्या जुन्या क्षारांचा. साठा असेल तर काही वर्षांत धुऊन निघेल आणि पाइपाचं पाणी हळूहळू सुधारेल. खालचा थरच खारा असेल तर ते पाणी सुधारण्याची वाट पाहत बसू नका. दोन्हींतला फरक कळण्यासाठी पाइपाच्या पातळीखाली दोन-तीन मीटरवर एक-दोन निरीक्षण नळ्या टाका आणि तिथलं पाणी वेगळं तपासा. हे काम स्वस्त आहे आणि आराखडा होण्याआधीच करायचं आहे, कारण पाइप किती खोल टाकायचे ते त्यावर ठरतं. खोल आणि दूर अंतरावर टाकलेले पाइप वरचं पाणी तर ओढतातच, पण खालून वळसा घालून येणारं जुनं, खारं पाणीही ओढतात. उथळ आणि जवळजवळ टाकलेल्या पाइपांना खर्च जास्त येतो, पण नदीकडे जाणारा क्षार बराच घटतो. ऑस्ट्रेलियात मरंबिजी नदीच्या सिंचन क्षेत्रातल्या द्राक्षमळ्यांत अशी तुलना झाली आहे आणि उथळ निचऱ्याने कितीतरी कमी क्षार बाहेर काढले.

इथे एक गोष्ट खालच्या लोकांनाही सांगावी लागते. निचराच करू नका, हे उत्तर नाही. क्षार आत येत राहिले आणि बाहेर गेले नाहीत तर ती जमीन संपते. शिवाय पाइप नसले तरी पाणथळ जमिनीतून भूजलाचा पाझर नदीला मिळतोच, फक्त तो दिसत नाही आणि मोजता येत नाही. क्षार कुठे, किती आणि कधी सोडायचे, यावरच काय ती बोलणी होऊ शकते.

आता नदीकडे वळू. तुमचे दिवसाचे 2,000 घनमीटर म्हणजे सेकंदाला 23 लिटर. नदीचं मूळ पाणी लिटरमागे 400 मिलिग्रॅम क्षारांचं धरा. नदीला सेकंदाला 5,000 लिटर पाणी असेल तेव्हा मिसळल्यावर 410 होईल. कोणाला कळणारही नाही. प्रवाह 300 लिटरवर आला की 550. आणि टंचाईच्या दिवसांत 100 लिटर उरले की 790, म्हणजे ईसी 1.2 च्या पुढे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सिंचनाच्या पाण्याचा ईसी 0.7 पर्यंत निर्धोक, 0.7 ते 3 मध्ये पीक पाहून बंधनं, 3 च्या वर गंभीर. म्हणजे तेच पाइप, तेवढंच पाणी, पण एका हंगामात काहीच फरक पडत नाही आणि दुसऱ्या हंगामात खालच्या माणसाचं पाणी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातं. वार्षिक सरासरी दाखवून कोणी "नदी ठीक आहे" म्हणालं तर त्याला सर्वांत कोरड्या महिन्याचा आकडा मागा.

आणि हा फक्त तुमचा एक निचरा झाला. खाली आणखी दहा गट असेच जोडले गेले की प्रत्येकाचं पाणी वरच्याच्या निचऱ्याने आधीच दाट झालेलं असतं. मध्य आशियातल्या अमू दर्या नदीत हेच झालं: वरून खाली जाताना पाणी कमी होत गेलं, परत येणारा खारा निचरा वाढत गेला, आणि सगळ्यांत वाईट पाणी मुखाजवळच्या लोकांच्या वाट्याला आलं.

दोन देशांत यावरून वाद पेटलेलं उदाहरण कोलोराडो नदीचं. अमेरिकेतल्या अॅरिझोनात वेल्टन-मोहॉक या भागात सिंचनामुळे खारं भूजल वर चढलं. ते उपसून 1961 पासून नदीत सोडलं जाऊ लागलं, आणि मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची क्षारता लिटरमागे 2,500 मिलिग्रॅमच्या घरात गेली. मेहिकाली खोऱ्यातली पिकं होरपळली. दोन देशांमधल्या पाण्याच्या करारात पाण्याचं प्रमाण लिहिलेलं होतं, दर्जा लिहिलेला नव्हता, त्यामुळे भांडण बरीच वर्षं चाललं. शेवटी 1973 च्या समझोत्यात ठरलं की मोरेलोस धरणाशी मेक्सिकोला मिळणारं पाणी वरच्या इम्पीरियल धरणाच्या पाण्यापेक्षा सरासरी 115 पीपीएमहून (पीपीएम म्हणजे साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) जास्त खारं नसावं, अधिक-उणे 30. त्यासाठी 1977 मध्ये वेल्टन-मोहॉकचा निचरा वेगळ्या कालव्याने नदीला वळसा घालून नेला गेला. तो कालवा जिथे रिकामा झाला तिथे सिएनेगा दे सांता क्लारा ही मोठी पाणथळ जागा उभी राहिली, पक्ष्यांनी भरलेली. युमा इथे हा निचरा गोडा करायचा कारखानाही 1992 मध्ये बांधून झाला, पण तो फारसा चाललाच नाही. चालवला तर खर्च मोठा, आणि वर त्या पाणथळीचं पाणी तुटणार. निचऱ्याची कामं करताना मला हे उदाहरण वारंवार आठवतं.

कोलोराडोच्याच वरच्या अंगाला ग्रँड व्हॅलीत गोष्ट वेगळी होती. तिथे खाली समुद्रात तयार झालेला क्षारयुक्त शेल खडक, म्हणजे चिखल दबून झालेला थरांचा खडक आहे. कालव्यांची गळती आणि शेतातला पाझर त्या खडकातून जाऊन क्षार घेऊन नदीत येई. तिथे कालव्यांना अस्तर, बंद पाइप आणि पाणी देण्यातली सुधारणा यांनी नदीचा क्षारभार खरोखर घटला, कारण पाझरच कमी झाला. पण हाच उपाय प्रत्येक ठिकाणी तितका चालत नाही. जिथे क्षार फक्त कालव्याच्या पाण्यातून येतात आणि खाली जुना साठा नाही, तिथे पाणी वाचवलं की निचरा कमी आणि जास्त दाट होतो. क्षारांची टनांतली बेरीज फारशी हलत नाही. शिवाय वाचलेलं पाणी नदीत न सोडता नवं क्षेत्र भिजवायला वापरलं तर नदीची अवस्था आधीपेक्षा वाईट होते: प्रवाह कमी, क्षार तेवढेच. ठिबक बसवलं म्हणजे नदी वाचली असं जाहीर करण्याआधी वाचलेलं पाणी गेलं कुठे हे विचारा.

क्षारांबद्दल आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पाणी दाट होत जातं तसे चुना आणि जिप्सम जमिनीतच बसतात, म्हणजे कॅल्शियम मागे राहतं आणि सोडियमचा वाटा वाढतो. खालच्या शेतकऱ्याला मिळतं ते पाणी नुसतं खारं नसतं, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि पाणी न मुरणारी, करणारं असतं. म्हणून नुसत्या ईसीवर थांबू नका. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि बोरॉन एकदा तरी तपासून घ्या. बोरॉन थोडं वाढलं तरी लिंबूवर्गीय आणि द्राक्षांसारख्या पिकांना झोंबतं.

आतापर्यंत बोललो ते पाइपाच्या पाण्याबद्दल. पण नाल्याच्या तोंडाशी जे पाणी दिसतं ते एकाच प्रकारचं नसतं, आणि इथेच बहुतेक तपासण्या फसतात. त्यात कालव्याच्या शेवटून न वापरता सुटलेलं स्वच्छ पाणी असतं. सरींमधून वाहून शेताबाहेर पडलेलं गढूळ पाणी असतं. पाइपांतून आलेलं नितळ पण खारं पाणी असतं. आणि खालून भूजलाचा पाझर असतो. चौघांचे दोष वेगळे. वरून वाहणारं पाणी माती, मातीला चिकटलेलं स्फुरद (फॉस्फरस), शेण-मातीतले जंतू आणि नुकतीच फवारलेली औषधं नेतं. त्यात क्षार फारसे नसतात. जमिनीतून गाळून आलेल्या पाण्यात माती नसते, स्फुरद बहुधा कमी, पण नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) आणि क्षार भरपूर. भेगाळणाऱ्या काळ्या चिकणमातीत मात्र हा नियम मोडतो: पाणी दिल्यावर पहिल्या काही तासांत भेगांतून थेट पाइपात गढूळ पाणी उतरतं आणि त्याबरोबर वरचं खत-औषधही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका निचरा नाल्याचे आठवड्यातून एकदा असे तीन महिने नमुने घेतले. ईसी 0.9 च्या पुढे गेलाच नाही. अहवाल लिहिला, नाला निर्धोक. पुढच्या वर्षी आवर्तन, म्हणजे कालव्याची पाण्याची पाळी, बंद असताना सहज मीटर बुडवला तर 5.2. झालं असं होतं की मी नेहमी आवर्तन चालू असताना, सोयीच्या दिवशी जात होतो, आणि वर कालव्याचं जादा पाणी त्या नाल्यात सुटत होतं. मी तीन महिने कालव्याचं पाणी मोजत होतो. तेव्हापासून नाल्याच्या तोंडाशी जाण्याआधी मी नाला वरपासून खालपर्यंत पायी चालतो, मीटर हातात घेऊन, आणि प्रत्येक जोडाशी ईसी लिहून घेतो. अर्ध्या दिवसात कुठलं पाणी कुठून येतं ते उमगतं.

नत्राचं प्रकरण क्षारांपेक्षा वेगळं आहे, कारण ते टाळता येतं. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली जातं. खत टाकलं आणि लगेच भरपूर पाणी दिलं की त्यातला मोठा भाग पाइपात. मेक्सिकोच्या वायव्येकडच्या याकी खोऱ्यात हे फार ठळकपणे दिसलं: गव्हाला खत देऊन पाणी सोडलं की काही दिवसांतच कॅलिफोर्नियाच्या आखातात शैवालाचे पट्टे फुललेले उपग्रहाच्या चित्रांत दिसत, आणि या अभ्यासाचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या खाली कोण आहे त्यावर कशाची काळजी करायची ते ठरतं. समुद्रात आणि खाडीत शैवालाला बहुधा नत्र कमी पडतं, तलावांत आणि संथ नद्यांत स्फुरद. पिण्याचं पाणी उचलणारी योजना खाली असेल तर नायट्रेट आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 50 मिलिग्रॅम नायट्रेट, अमेरिकेची 10 मिलिग्रॅम, पण ती नत्र म्हणून मोजलेली. हे दोन्ही आकडे जवळजवळ एकच आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल नायट्रेटमध्ये आहे की नायट्रेटमधल्या नत्रात, हे न बघता लोक साडेचार पटींची चूक करतात. मी जाणत्यांनाही करताना पाहिलंय.

शैवाल वाढलेल्या नदीत दुपारी जाऊन प्राणवायू मोजला तर उत्तम येतो, कारण उन्हात शैवाल तो तयार करत असतं. रात्रभर तेच शैवाल श्वासातून तो संपवतं. मासे मरतात ते पहाटे. म्हणून विरघळलेला प्राणवायू उजाडायच्या आधी मोजा.

औषधांबाबत एक चांगली बातमी आहे. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या भातशेतीत 1980 च्या सुमारास मोलिनेट आणि थायोबेनकार्ब ही तणनाशकं खाचरांतून निचऱ्यात आणि नदीत जात. निचरा नाल्यांत कार्प मासे मेले, आणि खाली शहराच्या नळाच्या पाण्याला कडू चव आली. उपाय साधा निघाला: औषध टाकल्यावर खाचरातलं पाणी ठरावीक दिवस सोडायचं नाही. औषध शेतातच विघटित व्हायला वेळ मिळाला आणि नदीत जाणारा भार 90 टक्क्यांहून जास्त घटला. यंत्र नाही, प्रकल्प नाही. बांधावरची मोरी बंद ठेवायची. वाहत्या सरींच्या बाबतीत याच जातीचा उपाय म्हणजे पॉलिअॅक्रिलमाइड, पाण्यात विरघळणारं एक लांब साखळीचं रसायन. सरीत पुढे सरकणाऱ्या पाण्यात 10 पीपीएम इतकंच मिसळलं तर मातीचे कण एकत्र बांधले जातात आणि सरींतून माती वाहून जाणं 90 टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकतं. फक्त ते ऋण भाराचंच घ्या. धन भाराचं माशांच्या कल्ल्यांना घातक आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी कोणत्याही नव्या निचऱ्याआधी भूगर्भाचा नकाशा मागतो, ती केस्टरसनची. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम अंगाला भूमिगत निचऱ्याचं पाणी न्यायला सॅन लुईस हा मोठा निचरा कालवा बांधला. तो खाली त्रिभुज प्रदेशापर्यंत जायचा होता, पण पैसे आणि परवानग्या अडल्या आणि तो केस्टरसन इथल्या तळ्यांत संपला. तळी म्हणजे पक्ष्यांचं अभयारण्य. 1981 पासून तिथे फक्त निचऱ्याचं पाणी येऊ लागलं. 1983 मध्ये घरट्यांत डोळे नसलेले, चोच आणि पाय वेडेवाकडे असलेले भ्रूण सापडले. कारण सेलेनियम, हे खडकांत आढळणारं, थोडं जास्त झालं तरी विषारी ठरणारं मूलद्रव्य. त्या खोऱ्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत समुद्री शेल खडक आहेत, त्यांच्या मातीतलं सेलेनियम सिंचनाच्या पाण्याने विरघळून पाइपात आलं. येणाऱ्या पाण्यात ते लिटरमागे 300 मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1987 मध्ये गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी जी मर्यादा ठरवली ती 5 होती. पाणी पाहायला नितळ, वासही नाही. सेलेनियम शेवाळात, तिथून किड्यांत, तिथून पक्ष्यांत साठत गेलं आणि प्रथिनांत गंधकाची जागा बळकावून बसलं. तळी 1986 मध्ये बंद झाली, 1988 मध्ये सखल भाग मातीने बुजवले.

यातून तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, समुद्री शेल किंवा ज्वालामुखीय मूळ असलेल्या गाळाच्या जमिनी असतील तर सेलेनियम, बोरॉन, आर्सेनिक एकदा तपासायलाच हवेत, मग ईसी कितीही सोज्वळ दिसो. दुसरी, बाष्पीभवन तळं हा सोपा उपाय वाटतो, पण ते नदीवरचा भार काढून पक्ष्यांवर टाकू शकतं. तळं करायचंच तर काठ उभे ठेवा, पाणी खोल ठेवा आणि मध्ये बेटं सोडू नका. उथळ काठ आणि झुडपं म्हणजे पक्ष्यांना आमंत्रण.

नदीकाठी गवताचा किंवा झाडांचा पट्टा राखा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. वरून वाहणाऱ्या पाण्याला तो उत्तम: माती आणि स्फुरद अडतात. भूमिगत निचऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण तुमचा पाइप त्या पट्ट्याच्या खालून जाऊन थेट नाल्यात तोंड उघडतो. नायट्रेट अडवायचं असेल तर पाइपाचं पाणी लाकडाच्या चिपांनी भरलेल्या चरातून न्या. तिथे प्राणवायू नसतो, जिवाणू लाकडातलं कर्ब खातात आणि नायट्रेटचं नत्र वायूत रूपांतर करतात. थंडीत हे मंदावतं, आणि क्षारांना याने काहीही होत नाही. चिपांचा चर बांधून खारटपणा जाईल असं सांगणारा भेटला तर त्याला माझा नमस्कार सांगा.

तुमच्या ठिकाणी मी काय करीन? पाइपांच्या तोंडांना झडपा असलेल्या विहिरी ठेवीन, म्हणजे पिकाला गरज नसताना पाण्याची पातळी थोडी वर धरता येते. नियंत्रित निचऱ्याने पाणी कमी निघतं आणि त्याबरोबर नत्र आणि क्षारांचा भारही. पण पाणी वर धरून ठेवणं हा कायमचा मार्ग नाही, नाहीतर क्षार पुन्हा मुळांत येतील. वर्षातून एकदा धुऊन काढण्याचं आवर्तन ठरवून झडपा पूर्ण उघडाव्या लागतात. ते आवर्तन नदी भरलेली असताना घ्यायचं, हे ओघाने आलंच. ईसी 4 चं पाणी कापूस, सातू, बीट अशा क्षारसहिष्णू पिकांना कालव्याच्या पाण्यात मिसळून किंवा आलटून-पालटून देता येईल, पण रोपावस्थेत नको, उगवणीला गोडंच पाणी. पुनर्वापराने पाण्याचं आकारमान घटतं, क्षार उरलेल्या पाण्यात राहतातच, हे विसरू नका. कालव्याच्या शेवटी सुटणारं जादा पाणी बंद करा म्हणून काही जण सांगतील. आधी ते नाल्याला किती पातळ करतंय ते मोजा, मग ठरवा. ऑस्ट्रेलियात मरे नदीसाठी मॉर्गन या ठिकाणी ईसी 0.8 च्या खाली ठेवायचं लक्ष्य ठरवून, खारं भूजल नदीत शिरायच्या आधीच विहिरींनी उपसून दूर नेतात. तसं करायला मोठं सरकारी बळ लागतं, 200 हेक्टरच्या गटाचं काम नाही. पण खालच्या एका ठरावीक ठिकाणी एक ठरावीक आकडा सगळ्यांनी मान्य करायचा, ही पद्धत तुम्हालाही उचलता येईल, आणि खालच्या लोकांशी बोलणी तिथून सुरू झाली तर निम्मं भांडण मिटतं. तो आकडा ठरवताना बैठकीला मीटर घेऊन जा आणि सगळ्यांसमोर पाण्यात बुडवा.

तपासणीचं वेळापत्रक विचारलंत. नदीच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि नदीत पूर्ण मिसळल्यावर खाली, अशा तीन जागा. ईसी आठवड्याला, नायट्रेट महिन्याला आणि खत दिल्यानंतरच्या पहिल्या पाण्याला, बाकीचं वर्षातून दोनदा. प्रत्येक वेळी प्रवाह मोजा, कारण प्रवाहाशिवाय आकड्यावरून भार निघत नाही. मीटर 25 अंशांवर दुरुस्त करून आकडा दाखवतो ना ते बघा. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवा, धातूंच्या नमुन्यात आम्ल घाला, औषधांचा नमुना गडद काचेच्या बाटलीत घ्या. प्लॅस्टिकच्या जुन्या बाटलीत आणलेल्या औषधांच्या नमुन्यावर मी आता वेळ घालवत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: कोरड्या दिवसांत निचरा साठवून नदीला पाणी असताना सोडला तर? क्षार आणि नायट्रेटसाठी हे चालतं, वर काढलेले 410 आणि 790 हे आकडे तेच सांगतात. सेलेनियमसारखं साठत जाणारं काही सापडलं तर नाही चालत, कारण त्याला सौम्य करून फायदा कमीच, ते खाली गाळात आणि जिवांत जमतंच. साठवणीचा हिशेब मात्र करून बघा. दिवसाचे 2,000 घनमीटर, 90 दिवस: 1,80,000 घनमीटर. 2 मीटर खोलीचं तळं धरलं तर 9 हेक्टर, बांध सोडून. तळाला अस्तर लागेल, नाहीतर तेच पाणी पाझरून शेजारच्या विहिरींत जाईल. ही 9 हेक्टर कोणाच्या शेतातून काढायची हे पाइपांची निविदा काढायच्या आधी गटात ठरवून घ्या.